जांभ्याच्या भिंती आणि चार राऊटर: गावच्या घराच्या नेटवर्कच्या नोंदी

शनिवार, ५ ऑक्टोबर २०२४

आज फक्त मोजमाप. घर कुडाळ तालुक्यातलं, आजोबांच्या वेळचं, जांभ्याच्या चिऱ्याचं. पुढे पडवी आणि ओटी, मधे माजघर, मागे स्वयंपाकघर, वर लाकडी तक्तपोशीचा माळा आणि बागेच्या टोकाला मांगर, म्हणजे बागेतलं छोटं घर. भिंती दीड फुटाच्या. फायबरची जोडणी ओटीवर येते आणि कंपनीचा डबा, म्हणजे मोडेम आणि राऊटर एकातच असलेला ओएनटी, तिथेच कोपऱ्यात लावलेला आहे.

गरजा लिहून काढल्या. दादा मांगरात बसून पुण्यातल्या कंपनीचं काम करतो, दिवसभर व्हिडिओ कॉल. वहिनी माळ्यावरून दहावीच्या मुलांची ऑनलाइन शिकवणी घेतात. काका ओटीवर बातम्या आणि आंब्या-काजूचे भाव बघतात. काकूंचा दिवस स्वयंपाकघरात आणि मागच्या पडवीत जातो. मुंबईच्या नातवंडांशी बोलायचं तर त्यांना फोन घेऊन पुढे यावं लागतं. मला सगळ्यात आधी हे बदलायचं आहे. गणपतीत घर भरलं होतं तेव्हा दादा कॉलसाठी मोबाइलचा डेटा वापरत होता आणि मांगरात त्याचीही रेंज धड नाही.

वायफाय अ‍ॅनालायझर घेऊन घरभर फिरलो. ओटीवर उणे ४२ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं एकक), माजघरात उणे ६३, माळ्यावर उणे ७४, स्वयंपाकघरात उणे ८१. मांगरात नेटवर्कचं नावही दिसत नाही. आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरकस. व्हिडिओ कॉलसाठी तो उणे ६७ च्या आत असावा असा साधारण दंडक आहे. दर ३ डेसिबलला ताकद निम्मी होते. ओटी आणि स्वयंपाकघर यांच्यात ३९ डेसिबलचा फरक पडतो, म्हणजे चुलीपाशी पोचणारा सिग्नल ओटीवरच्या सिग्नलच्या सुमारे आठ हजारावा भाग. मधे फक्त दोन भिंती आहेत.

वायफाय दोन पट्ट्यांवर चालतं: २.४ गिगाहर्ट्झ लांब पोचतो, ५ वेगवान पण भिंतींत लवकर अडकतो. हे आकडे २.४ चे आहेत. ५ गिगाहर्ट्झ माजघराच्या दाराशीच संपतो.

जांभा सच्छिद्र दगड, पावसाळाभर पाणी पितो. या लहरी पाणी शोषून घेतं, म्हणून ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा जास्त अडवते. आज भिंती ओल्याच आहेत. दिवाळीनंतर ऊन लागलं की याच जागांवर पुन्हा मोजायचं.

रविवार, ६ ऑक्टोबर

जे आधीपासून लावलेलं आहे ते आज उलगडलं. ओएनटीपासून एक जुनी तार माजघरात जाते. तिथे टीपी-लिंकचा जुना डब्ल्यूआर८४१एन आहे आणि तार त्याच्या निळ्या, वॅन (म्हणजे बाहेरची जोडणी) लिहिलेल्या पोर्टात घातलेली आहे. पुढे स्वयंपाकघराच्या प्लगात एक रिपीटर, म्हणजे सिग्नल पकडून पुन्हा सोडणारा डबा. तिघांची तीन वेगळी नावं, आणि कुठे बसल्यावर कुठलं नाव निवडायचं हे प्रत्येकाने आपापल्या परीने पाठ केलेलं.

तार वॅन पोर्टात गेली की दुसरा राऊटर स्वतःचं वेगळं राज्य थाटतो. नेटवर्कमधल्या प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता लागतो. ओएनटी १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते वाटतोय आणि जुना राऊटर १९२.१६८.० ने. वहिनींची तक्रार होती की प्रिंटर कधी सापडतो, कधी नाही. कारण समोरच दिसलं: त्यांचा फोन १९२.१६८.०.१०४ वर, प्रिंटर १९२.१६८.१.३७ वर. ओटीवर जाऊन प्रिंट दिली तर कागद येतो, माजघरातून दिली तर येत नाही. प्रिंटर चांगला आहे. दोघं दोन वेगळ्या नेटवर्कांत आहेत, एवढंच.

माजघरातून ट्रेसरूट चालवला, म्हणजे पॅकेट (डेटाचा तुकडा) बाहेर जाताना कुठून कुठून जातं ते बघितलं. पहिली पायरी १९२.१६८.०.१, दुसरी १९२.१६८.१.१, आणि डब्याच्या स्टेटसच्या पानावर बाहेरचा पत्ता १०० ने सुरू होणारा. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ च्या आरएफसी ६५९८ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजाने कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवले आहेत. एकाच सार्वजनिक पत्त्यामागे कंपनी अनेक ग्राहक बसवते तेव्हा ते वापरले जातात. म्हणजे माजघरातून निघालेल्या प्रत्येक पॅकेटचा पत्ता तीन वेळा बदलतोय: जुन्या राऊटरवर, ओएनटीवर आणि शेवटी कंपनीकडे. तिसरा बदल आपल्या हातात नाही, पहिला आहे, आणि तो काढायचाच. कंपनीच्या पत्त्यामागे असल्यामुळे बाहेरून घरात थेट शिरता येणार नाही, पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी घरातल्या एका यंत्राकडे वळवणं) करूनही उपयोग नाही. पुढे बागेत कॅमेरा बसवला तर स्वतःहून बाहेर जोडणी करणाराच घ्यावा लागेल.

रिपीटर काढून टाकणार. तो स्वस्तातला, एकाच रेडिओचा. ज्या चॅनेलवर ऐकतो त्याच चॅनेलवर पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. शिवाय त्याच्यापर्यंत पोचणारा सिग्नलच उणे ८० च्या घरात. मिळालेलं तेवढंच तो पुढे देणार.

तर ठरलं ते असं. घरात राऊटर कितीही असोत, पत्ते वाटणारा एकच: ओटीवरचा ओएनटी. बाकीचे सगळे फक्त अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे तारेतून आलेलं हवेत सोडणारे. आणि प्रत्येकाकडे तारच जाणार, हवेतून काही नाही. बाजारात मेशचे, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या राऊटरांचे, तयार संच मिळतात, मोकळ्या फ्लॅटमध्ये ते छान चालतात. पण ते एकमेकांशी हवेतून बोलणार असतील तर त्यांच्याही मधे हाच जांभा आहे. तारेने जोडणार असू तर आपले साधे राऊटरही तेच काम करतात.

ओएनटी ब्रिज मोडमध्ये टाकून (मग तो जोडणी नुसती पुढे देतो) त्याच्यापुढे आपला राऊटर लावायचा विचार केला आणि सोडला. त्यासाठी कंपनीकडून पीपीपीओईचं (कंपनीच्या लॉगिनचं) नाव-पासवर्ड घ्यावा लागतो, डब्याला लावलेला काकांचा लँडलाइन फोन त्यात बंद पडू शकतो, आणि पुढे काही बिघडलं तर कंपनीच्या माणसाला घरचा राऊटर समजावत बसावं लागेल. मी इथे रोज नसतो. घरच्यांना एकट्याने निभावता येईल अशीच रचना हवी.

शनिवार, १२ ऑक्टोबर, दसरा

कालच कुडाळहून सामान आणलं: नेटवर्कच्या कॅट ६ तारेचं बंडल, आरजे४५ ची टोकं, पीव्हीसी पट्ट्या, एक साधा टेस्टर आणि टीपी-लिंकचा आर्चर सी६ हा नवा राऊटर. सकाळी काकांनी कोयता, विळी, पहार पूजेला मांडली. त्यांच्या शेजारी मी क्रिम्पिंग टूल (तारेला टोकं दाबून बसवायचं अवजार) ठेवलं. काकूंनी त्यालाही कुंकू लावून झेंडूचं फूल वाहिलं. आज काही तोडफोड करायची नाही असं ठरलं, म्हणून कागदावर आखणी तेवढी केली.

तार घेताना एक गोष्ट बघून घेतली, ती इथे लिहून ठेवतो. दुकानात आधी जे बंडल समोर आलं ते जवळजवळ निम्म्या किमतीचं होतं. त्याची एक बारीक तार सोलून कटरच्या पात्याने खरवडली तर तांब्याच्या रंगाखाली चंदेरी ॲल्युमिनियम. वरून फक्त तांब्याचा मुलामा. ही तार वाकवली की तुटते, तिचा रोध जास्त, आणि खाऱ्या दमट हवेत टोकाशी लवकर गंजते. बॉक्सवर कॅट ६ लिहिलं म्हणून ती कॅट ६ होत नाही. दुसरं बंडल खरवडलं, आतपर्यंत तांबडं निघालं, ते घेतलं. दुकानदाराने पातं लावू दिलं नसतं तर तिथून घेतलंच नसतं.

काका बंडल बघून म्हणाले, “कित्याक रे इतकी तार? वायफाय म्हंजे बिनतारी मां?” प्रश्न रास्त आहे. वायफाय बिनतारी असतं ते फोनपासून जवळच्या डब्यापर्यंत. त्या डब्यापर्यंत इंटरनेट आणायचं ते तारेनेच, निदान दीड फूट जांभा मधे असेल तर.

रविवार, १३ ऑक्टोबर

ओटी ते माजघर, माजघर ते स्वयंपाकघराचं दार आणि माजघर ते माळा एवढं तारकाम झालं. भिंतीला नवं भोक पाडलं नाही. विजेच्या जुन्या केसिंगच्या वाटेनेही गेलो नाही. विजेची आणि नेटची तार शेजारी लांबवर चालवू नये. दाराच्या चौकटीवरून तक्तपोशीच्या कडेने पट्टी नेली. सागाच्या तुळईवर खिळा मारायला काकांनी मनाई केली ते बरंच झालं, कडेची पट्टी दिसायलाही नीट आहे.

टोकं लावायचा क्रम आता हातात बसलाय: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. खरी मेख हिरव्या जोडीत आहे. तिच्या दोन तारा शेजारी बसत नाहीत, मधे निळी जोडी येते. म्हणून नुसत्या जोड्या ओळीने लावून चालत नाही. पीळ उकलायचाही तो टोकात शिरेल इतकाच, अर्ध्या इंचाच्या आत. जास्त उकलला की एका जोडीचा आवाज दुसरीत शिरतो. बाहेरचं निळं आवरण टोकाच्या खाचेखाली दाबलं गेलं पाहिजे, म्हणजे ओढ तारांवर न येता आवरणावर येते. टोक लावून झालं की ओढून बघायचं, मग टेस्टर.

जुनी माजघराची तार ठेवावी की काढावी हे बघायला दोन्ही टोकांना लॅपटॉप लावून आयपर्फ (वेग मोजायचं सॉफ्टवेअर) चालवला. ९४ एमबीपीएस, हलेना. हा आकडा बघितला की समजावं, जोडणी १०० वर अडकलीय. गिगाबिट चालू असेल तर तो ९४० च्या आसपास येतो. १०० ला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. टेस्टरवर सातवा आणि आठवा दिवा लागत नव्हता. तक्तपोशीच्या कोपऱ्यात उंदराने आवरण कुरतडलेलं सापडलं, तपकिरी जोडी तुटलेली. प्लॅन १०० चा आहे, म्हणजे ती तार आजही चालली असती. पण तार घरात एकदाच पडते आणि प्लॅन फोनवरून बदलतो. जुनी काढली. नवी तार त्या कोपऱ्यात जाड नळीतून नेली.

शनिवार, १९ ऑक्टोबर

आज राऊटर लावले.

आधी पत्त्यांची वाटणी. ओएनटी १९२.१६८.१.१. तो १०० ते १९९ या टप्प्यातलेच पत्ते वाटेल. २ ते ९९ हाताने द्यायच्या पत्त्यांसाठी मोकळे ठेवले: स्वयंपाकघराच्या दारावरचा आर्चर २ वर, माळ्यावरचा ८४१एन ३ वर, मांगरातला पुढे ४ वर. प्रिंटर २० वर पक्का. वाटपाचा टप्पा आणि हाताने दिलेले पत्ते एकमेकांत गेले तर कधीतरी दोन यंत्रांना एकच पत्ता मिळतो, मग दोन्ही मधूनमधून गायब होतात आणि कारण शोधता शोधता दमछाक होते.

आर्चरचं सोपं आहे. सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट असा मोडच आहे. निवडला की पत्ते वाटणं आपोआप बंद होतं आणि तार कुठल्याही पोर्टात चालते. जुन्या ८४१एन मध्ये हा मोड नाही, तिथे हाताने करावं लागतं, आणि क्रम महत्त्वाचा. घराच्या नेटवर्कला न जोडता तो एकटा लॅपटॉपला लावायचा. त्याचा स्वतःचा लॅन (घरातल्या नेटवर्कचा) पत्ता १९२.१६८.१.३ करायचा. नव्या पत्त्यावर पुन्हा आत जाऊन डीएचसीपी (पत्ते वाटणं) बंद करायचं. राऊटर बंद-चालू करून खात्री करायची. मग घराची तार पिवळ्या लॅन पोर्टात. निळ्या पोर्टावर मी चिकटपट्टीच लावली. डीएचसीपी बंद करण्याआधीच तो घराच्या नेटवर्कला जोडला तर दोघेही पत्ते वाटू लागतात, फोन ज्याचं उत्तर आधी येईल त्याचं घेतो, आणि निम्म्या घरात इंटरनेट चालतं, निम्म्यात नाही. ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे राऊटरसाठीची मुक्त प्रणाली, टाकायचा मोह होतो. पण हा ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमचा, त्याच्यासाठी अधिकृत बिल्ड १९.०७ या मालिकेवर थांबल्या. पत्ते न वाटणाऱ्या साध्या डब्याला मूळ फर्मवेअर पुरे.

वायफायचं नाव सगळीकडे एक, पासवर्ड एक, सुरक्षा सगळीकडे डब्ल्यूपीए२ आणि एईएस. तिन्ही तंतोतंत सारखं असेल तरच फोन ते एकच नेटवर्क समजतो. टीकेआयपी ही जुनी सुरक्षा कुठेही ठेवायची नाही, त्यावर वेग जुन्या ५४ एमबीपीएसवर येऊन थांबतो. डब्ल्यूपीएस (पासवर्डशिवाय बटण दाबून जोडायची सोय) बंद. तिन्ही डब्यांचे अ‍ॅडमिन पासवर्ड बदलले.

चॅनेल मात्र वेगवेगळे. २.४ मध्ये चॅनेल ५ मेगाहर्ट्झच्या अंतरावर आहेत आणि एकाची रुंदी २० ची, त्यामुळे एकमेकांवर न चढणारे तीनच: १, ६, ११. ओटीला १, स्वयंपाकघराला ६, माळ्याला ११. रुंदी ४० वर होती, ती २० केली. ४० ठेवली तर एकच राऊटर बहुतेक सगळा पट्टा खातो. ५ गिगाहर्ट्झला जागा भरपूर: ऑक्टोबर २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेने भारतात ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ विनापरवाना खुले झाले. ओटीला चॅनेल ३६, आर्चरला १४९. मधले चॅनेल रडारसाठी कान देऊन थांबतात, घरात त्यांची गरज नाही.

आर्चर दाराच्या चौकटीवर बसवला, माजघर आणि स्वयंपाकघर यांच्या मधे. भिंतीच्या आड ठेवण्यापेक्षा दारात ठेवला की दोन्ही बाजूंना मोकळी वाट मिळते.

खोल्याखोल्यांतून फिरलो. फोन कुठेही असो, गेटवे (बाहेर जायचं दार) १९२.१६८.१.१ दिसला पाहिजे. सगळीकडे तोच दिसतोय. स्वयंपाकघरात आता उणे ४८. माजघरातून वहिनींनी प्रश्नपत्रिकेची प्रिंट दिली, ओटीवर कागद आला. काकूंनी चुलीपाशी बसून नातीला व्हिडिओ कॉल लावला आणि भाकरी थापता थापता बोलत राहिल्या.

रविवार, २० ऑक्टोबर

उरला मांगर. घरापासून गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेने तार नेली तर साधारण ७० मीटर. कॅट ६ ची मर्यादा १०० मीटर, म्हणजे लांबीच्या हिशोबाने तांब्याची तारही चालली असती. नेणार नाही, कारण विजा. मे महिन्यातला वळवाचा आणि आता परतीचा पाऊस इथे गडगडाटासह येतो. वीज जवळ कुठेतरी पडली तरी दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये मोठा फरक पडतो आणि मधे तांबं असेल तर तो त्यातूनच वाट काढतो: एका टोकाला ओएनटी, दुसऱ्या टोकाला दादाचा कंपनीचा लॅपटॉप. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या वाडीत असाच पंपाचा स्टार्टर आणि टीव्हीचा डबा एका संध्याकाळी गेला. फायबर काचेचं, त्यातून वीज जात नाही. दोन इमारतींमधे फायबरच, यात मी तडजोड करणार नाही.

तारेतही निवड आहे. केबलवाले वापरतात त्या चपट्या ड्रॉप केबलच्या कडेला लटकवण्यासाठी लोखंडी तार असते. ती तशीच दोन्ही घरांत नेली तर फायबर घालून मिळवलेलं सगळं गेलं. आपल्याला धातू नसलेली, आत फायबरग्लासच्या काड्या असलेली हवी. चुलतमामांच्या ओळखीने तशी मिळाली.

संध्याकाळी गडगडायला लागलं. काका माजघरातून ओरडले, “गाजूक लागला काय आधी तो डबो काढून ठेय!” काढला. फायबर झालं तरी डब्याचा अडॅप्टर विजेच्या लाइनवरच आहे, तेव्हा ही सवय सोडायची नाही.

शनिवार, २६ ऑक्टोबर

जांभ्याच्या जमिनीत चर खणायचा म्हणजे पहारीचं काम, म्हणून गडग्याच्या पायथ्याशी काळा एचडीपीई पाइप टाकला आणि वर चिऱ्याचे तुकडे रचले. वानरं उघडी तार ठेवत नाहीत, घुशीही. पाइपात आधी नायलॉनची दोरी ओढून घेतली, तिला फायबर बांधून दादा आणि मी दोन टोकांना. वळणावर पाइप हळू वाकवला. आत काच आहे. साधं फायबर ३ सेंटिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वळवू नये, जी.६५७ जातीचं याहून आवळ वळण सोसतं. दोरीही तशीच आत ठेवली, पुढे दुसरं काही ओढायचं झालं तर.

दुपारी स्प्लायसिंगचं, म्हणजे फायबर जोडायचं, मशीन घेऊन मुलगा आला. त्याला फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं की टोकं निळी हवीत. ओएनटीला लागणारं हिरवं टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं, मीडिया कन्व्हर्टरचं, म्हणजे फायबरच्या प्रकाशाचा तारेतला सिग्नल करणाऱ्या डब्याचं, निळं सपाट असतं. हिरवं निळ्यात बसतं, पण काचा नीट भिडत नाहीत आणि प्रकाश वाया जातो. त्याने केसासारखी काच सोलली, स्पिरिटने पुसली, कटरने एका फटक्यात सरळ कापली आणि मशीनमध्ये दोन्ही टोकं समोरासमोर ठेवली. पडद्यावर दोन राखाडी दांडे सरकत जवळ आले, मधे ठिणगी पडली, आणि जोड दिसेनासा झाला. मशीनने ०.०२ डेसिबलची घट दाखवली. असं नेमकं काम करणारा माणूस तालुक्यात आहे याचा मला मनापासून आनंद झाला. त्याने लाल लेझर सोडून पाइपाच्या दोन्ही तोंडांशी गळती नाही ना ते पाहिलं. टोकात डोळा घालून बघायचं नाही हे पुतण्याला दोनदा बजावलं. इंटरनेटचा प्रकाश दिसतही नाही आणि इजा करतो.

कन्व्हर्टर जोडीने येतात. एक १३१० नॅनोमीटरवर पाठवतो आणि १५५० वर घेतो, दुसरा उलट, म्हणून एकाच काचेतून येणं-जाणं दोन्ही होतं. दोन सारखेच घेतले तर काही चालणार नाही, ए आणि बी असेच हवेत. दोन्हीकडचे दिवे लागले. मांगरात दादाच्या पुण्याच्या फ्लॅटमधला राऊटर अ‍ॅक्सेस पॉइंट करून १९२.१६८.१.४ वर बसवला. घर ते मांगर आयपर्फ: ९३८ एमबीपीएस. दादाने तिथूनच टीमचा कॉल लावला, कॅमेरा चालू ठेवून.

रविवार, ३ नोव्हेंबर, भाऊबीज

घर भरलेलं. एकाच वेळी तीसहून जास्त फोन आणि दोन टीव्ही, तरी माळ्यावर वहिनींची सुट्टीतली जादा शिकवणी न अडखळता झाली. पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क ओटीवरच्या डब्यावरच काढलं, कारण तोच प्रवेशद्वार आहे. अ‍ॅक्सेस पॉइंटवर काढलं तर पाहुण्यांचे फोन घरच्या प्रिंटरपासून वेगळे राहतीलच याची खात्री नसते.

दुपारी मात्र सगळंच बंद पडलं. ओटीवर गेलो तर सगळे दिवे एकाच तालात, थरथरल्यासारखे लुकलुकत होते. हे दिसलं की कुठेतरी तारेचं वर्तुळ झालंय असं समजावं. छोट्या पुतण्याने आर्चरला लोंबकळणारी मोकळी तार दिसली म्हणून तिचं दुसरं टोकही आर्चरमध्येच खोचून ठेवलं होतं. त्याच्या मते तो आवराआवर करत होता. सगळ्यांना उद्देशून पाठवलेला निरोप अशा वर्तुळात फिरत राहतो, दर फेरीला वाढतो आणि क्षणात नेटवर्क भरून टाकतो. महागड्या स्विचमध्ये हे ओळखून पोर्ट बंद करायची सोय असते, घरगुती राऊटरवर तिचा भरवसा धरता येत नाही. टोक काढलं, काही सेकंदांत सगळं पूर्ववत. मोकळी तार कपाटात गेली, रिकाम्या पोर्टांना रबरी बुचं लावली. पुतण्याला वर्तुळाची गोष्ट कागदावर काढून दाखवली, त्याने आणखी प्रश्न विचारले.

एक तक्रार आली: माळ्यावरून खाली आलं तरी वहिनींचा फोन माळ्याच्याच राऊटरला धरून बसतो. कुठला डबा धरायचा हे फोन स्वतः ठरवतो, राऊटर त्याला ढकलत नाहीत. उपाय आवाज कमी करण्याचा. माळ्यावरचा राऊटर जिन्यापासून दूर आतल्या बाजूला सरकवला. आता जिना उतरेपर्यंत फोन बदल करतो.

रविवार, १० नोव्हेंबर

लाईट गेल्यावरचं बघितलं. इन्व्हर्टर ओटी आणि माजघरापुरता आहे, म्हणजे ओएनटी, घरातला कन्व्हर्टर आणि आर्चर त्यावर गेले. मांगरात नाही. तिथे राऊटर आणि कन्व्हर्टरसाठी छोटा डीसी यूपीएस घेतला. खोक्यावर ८८०० एमएएच लिहिलंय, पण ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलच्या हिशोबाने: ३२ वॅट-तासांच्या आसपास. रूपांतरात जाणारं वजा केलं तर सुमारे २७. राऊटर आणि कन्व्हर्टर मिळून ८ वॅट खातात असं धरलं तर तीन तास, थोडं वर. दादाला तेवढं पुरतं. घेताना राऊटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही जुळवून बघितले. पिन बसते म्हणून व्होल्ट तेच असतील असं नाही. आपला राऊटर १२ व्होल्टचा आणि कन्व्हर्टर ५ चा, म्हणून दोन्ही बाहेर देणारा घेतला.

पंधरवडाभर ऊन आहे. आर्चर आणि माळ्यावरचा राऊटर तात्पुरते बंद करून ५ ऑक्टोबरच्याच जागांवर फक्त ओटीवरच्या डब्याचा सिग्नल मोजला. माजघर उणे ६० (तेव्हा ६३), स्वयंपाकघर उणे ७५ (तेव्हा ८१). फोन तोच, जागा त्याच, दारं तशीच उघडी. एका मोजणीवरून फार काही म्हणू नये, पण दोन भिंतींमागे ६ चा फरक मला पटण्यासारखा वाटतो. यातून एक पक्कं केलं: अशा घरात राऊटरच्या जागा पावसाळ्यात मोजून ठरवाव्यात. मे महिन्यात मोजून लावलं तर ऐन गणपतीत कमी पडेल.

शनिवार, १६ नोव्हेंबर

प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावली. नकाशा, पत्ते, चॅनेल आणि पासवर्ड एका कागदावर लिहून ओटीवरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला, एक प्रत काकूंच्या हिशोबाच्या वहीत. खाली मराठीत: नेट गेलं तर आधी ओटीवरच्या डब्यावर लाल दिवा लागलाय का बघा. लाल असेल तर बिघाड बाहेर, कंपनीला फोन करा. लाल नसेल आणि फक्त मांगरात नेट नसेल तर दोन्ही कन्व्हर्टरचे दिवे बघा.

राहिलेलं: मांगराच्या भिंतीत पाइप शिरतो तिथे पावसाआधी सिलिकॉन भरायचं, आणि पाइपाला बाहेर खाली झोका द्यायचा म्हणजे पाणी आत न जाता तिथून ठिबकेल. ओटीच्या बोर्डावर सर्ज प्रोटेक्टर लावायचा, पण त्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यायचं. अर्थिंग नसेल तर त्याचा उपयोग नाही. गोठ्यावर कॅमेरा हवा असं काका म्हणतात. मांगरातल्या राऊटरला दोन पोर्ट मोकळे आहेत, तिथून गोठा वीस पावलांवर. तिथेही फायबर की तांबं हे गोठ्याची वीज कुठल्या बोर्डावरून येते त्यावर ठरेल. मांगराच्याच बोर्डावरून येत असेल तर अर्थिंग एकच असेल आणि तांब्याची तार नेता येईल. डिसेंबरात वायरमन येईल तेव्हा दोन्ही कामं एकदम.